निविदांचा तक्ता रिकामा का येतो?

वाचकाचे पत्र: मी फोंड्याला एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात काम करते. रोज सकाळी पाच-सहा खात्यांची निविदांची पाने उघडायची आणि नवीन काय आले ते एक्सेलमध्ये उतरवायचे, हे माझ्याकडे आहे. त्यात दीड तास जातो. पायथन थोडे येते: लूप, फंक्शन, डिक्शनरी इतपत. वेबपाने मागवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरून पाहिली. एका पानाची माहिती झटकन आली. दुसरीकडून 403 येते, तिसरीकडे तक्ता रिकामा, चौथीकडे पान 2 मागितले तरी पान 1च हाती पडते. कधी कधी प्रोग्राम तासभर नुसता थांबून राहतो. ऑफिसातला एक मुलगा म्हणतो, हे सोडा, सेलेनियम शिका. काय करू? – स., फोंडा

सेलेनियम तूर्त बाजूला ठेवा. तासभर थांबून राहणे सोडले (त्याचे कारण वेगळे, ते पुढे येईल), तर तुमच्या तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे: ब्राउझर सर्व्हरला जे पाठवतो आणि तुमचा प्रोग्राम जे पाठवतो, त्यात कुठेतरी फरक पडतोय. तो फरक डोळ्यांनी पाहता येतो. सेलेनियम अख्खा ब्राउझरच चालवते, त्यामुळे फरक झाकला जातो, पण सहा पानांसाठी क्रोम उघडण्याचा भार रोज सोसावा लागतो. शिवाय पानावरच्या बटणाचे नाव बदलले की काम पुन्हा अडते, आणि नेमके काय बिघडले ते कळायला मग हीच वाट धरावी लागते. (पायथनमधली नावे पुढे देवनागरीत दिली आहेत; टाइप करताना ती रोमनमध्ये, आणि जोडरेषेच्या जागी अंडरस्कोर.)

सुरुवात कोडने करू नका. क्रोममध्ये एफ12 दाबा, नेटवर्क टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा, नाहीतर पान बदलताच आधीची यादी पुसली जाते. मग रोजच्यासारखे काम करा: खाते निवडा, शोधा, दुसऱ्या पानावर जा. पन्नास-साठ ओळी जमतील. त्यातली चित्रे, फाँट, स्टाइलशीट यांच्याशी आपल्याला देणेघेणे नाही. गाळणीत 'डॉक' निवडले की मूळ पाने उरतात. 'फेच/एक्सएचआर' निवडले की पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने मागून मागवलेली माहिती दिसते. कामाची ओळ सापडली की चार गोष्टी वहीत उतरवा: पूर्ण पत्ता, पद्धत गेट (नुसते पान मागणे) की पोस्ट (सोबत फॉर्मची माहिती पाठवणे), पेलोडमध्ये, म्हणजे पाठवलेल्या माहितीत, कोणती नावे व कोणत्या किमती (व्हॅल्यू), आणि रिस्पॉन्स टॅबमध्ये तुमची निविदा खरोखर आहे का.

रिकाम्या तक्त्याचा निकाल इथेच लागतो. स्क्रीनवर दिसणारा एखादा निविदा क्रमांक घ्या आणि कंट्रोल-यू दाबून उघडणाऱ्या मूळ सोर्समध्ये शोधा. 'इन्स्पेक्ट'मध्ये शोधू नका. तिथे जावास्क्रिप्टने बदल केल्यानंतरचे पान दिसते, आणि रिक्वेस्ट्सला जावास्क्रिप्ट चालवता येत नाही. तिला मिळते ते कंट्रोल-यू मधले. क्रमांक तिथे नसेल, तर माहिती एक्सएचआरच्या एखाद्या ओळीतून येते, बहुतेकदा जेसन या डिक्शनरीसारख्या दिसणाऱ्या मजकूर-स्वरूपात. मग तुमचे काम उलट सोपे होते: तोच पत्ता थेट मागवायचा, उत्तरावर जेसन() म्हणायचे, हातात डिक्शनरी येते. एचटीएमएल चाळायची गरजच नाही.

क्रमांक कंट्रोल-यू मध्ये आहे आणि तरी तुमच्या प्रोग्रामला तक्ता रिकामा दिसतोय, तर बहुधा सिलेक्टर (पानातला हवा तो भाग कुठे आहे ते सांगणारी ओळ) चुकलाय. इन्स्पेक्टमध्ये उजवी क्लिक करून 'कॉपी सिलेक्टर' केला की त्यात 'टीबॉडी' (तक्त्याच्या ओळींभोवतीचा टॅग) येते. मूळ पानात टीबॉडी नसली तरी ब्राउझर ती स्वतः घालतो. ब्यूटिफुल सूपला (एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीला) तुम्ही पायथनचा साधा एचटीएमएल पार्सर दिला असेल तर तो ती घालत नाही, म्हणून 'टेबल, मग टीबॉडी, मग टीआर (एक ओळ)' अशी वाट शोधली की हाती शून्य ओळी. सिलेक्टरमधून टीबॉडी काढा. त्याऐवजी तक्त्याचा आयडी आणि त्यातल्या सगळ्या टीआर एवढेच मागा.

आता पान 1 पुन्हा पुन्हा येण्याबद्दल, कारण सरकारी पानांवर सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पान क्रमांकाच्या दुव्यावर माउस नेला आणि खाली 'जावास्क्रिप्ट: डू-पोस्ट-बॅक' असे काही दिसले, तर ते पान मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवर बांधलेले आहे. अशा पानाला पत्त्यात पान 2 लिहून उपयोग नाही. पानात लपवलेले काही रकाने असतात: व्ह्यूस्टेट, व्ह्यूस्टेट-जनरेटर, इव्हेंट-व्हॅलिडेशन. दुव्यावर क्लिक केले की ब्राउझर हे सगळे पोस्टने परत पाठवतो, सोबत इव्हेंट-टार्गेटमध्ये तक्त्याचे नाव आणि इव्हेंट-आर्ग्युमेंटमध्ये 'पेज$2' अशी सूचना. तुम्ही साधे गेट करता, आणि सर्व्हर साहजिकच पहिले पान देतो, तेही 200 या यशाच्या क्रमांकासह.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी रिक्वेस्ट्सचे सेशन तयार करा, वेगवेगळ्या रिक्वेस्ट्स.गेट ऐवजी सगळे एकाच सेशनमधून जाऊ द्या, म्हणजे पहिल्या भेटीत मिळालेली कुकी पुढे आपोआप जाते. पहिले पान गेटने आणा. त्यातले 'हिडन' प्रकारचे सगळे इनपुट वाचून नाव-किंमत अशी डिक्शनरी बनवा. हाताने टाइप करू नका, व्ह्यूस्टेट कधी कधी हजारो अक्षरांची असते. खाते, वर्ष असे ड्रॉपडाउन असतील तर त्यांच्या निवडलेल्या किमतीही घाला. मग इव्हेंट-टार्गेट आणि इव्हेंट-आर्ग्युमेंट भरा आणि 'डेटा=' देऊन पोस्ट करा. 'जेसन=' दिलेत तर स्वरूप बदलेल आणि सर्व्हरला रकाने सापडणार नाहीत; 'पॅराम्स=' दिलेत तर सगळे पत्त्यात जाऊन बसेल. पान 3 साठी पान 2च्या उत्तरातून व्ह्यूस्टेट नव्याने वाचा, पहिल्याच पानाची धरून ठेवू नका.

यात दोन बारकावे. 'शोधा' बटण दाबण्याची नक्कल करताना त्या बटणाचे नाव आणि किंमतही डेटामध्ये लागते, आणि इव्हेंट-टार्गेट रिकामे राहते. पान बदलताना उलट: बटण वगळायचे. दोन्ही एकत्र पाठवलेत तर सर्व्हर बटण दाबले असे समजून पुन्हा पहिल्या पानावर नेऊ शकतो. दुसरे म्हणजे, पेलोडमध्ये 'एसिंक-पोस्ट' आणि हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचनांत) 'एक्स-मायक्रोसॉफ्ट-एजॅक्स' दिसले तर ते दोन्ही पाठवू नका. पाठवलेत तर उभ्या रेघांनी तोडलेले अर्धवट उत्तर मिळते. वगळलेत तर साधारणपणे पूर्ण एचटीएमएल पान येते, आणि ते वाचायला सोपे.

मार्च अखेर याद्या लांबतात. तीन पानांवर चालणारा कोड तेव्हा दहा पानांच्या पुढे अडखळतो, कारण पेजरमध्ये (पान क्रमांकांच्या पट्टीत) 11व्या पानाच्या जागी नुसते तीन टिंब असतात. त्यामागचे आर्ग्युमेंट मात्र 'पेज$11' असेच असते, म्हणून दुव्यावरचा मजकूर वाचण्यापेक्षा आकडा स्वतः वाढवत न्या आणि आलेल्या ओळी आधीच्या पानाच्याच निघाल्या की थांबा.

403 म्हणजे सर्व्हरला विनंती समजली, पण तो द्यायला तयार नाही. पहिला संशयित यूजर-एजंट. तुम्ही काही सांगितले नाही तर लायब्ररी स्वतःचे नाव 'पायथन-रिक्वेस्ट्स' आणि आवृत्ती असे पाठवते, आणि पुष्कळ फायरवॉल ते नाव पाहूनच दार लावतात. सेशनच्या हेडर्समध्ये ऑफिसचे नाव आणि संपर्काचा ईमेल असलेला यूजर-एजंट लिहा. काही ठिकाणी एवढ्यानेच काम होते. नाही झाले तर नेटवर्क टॅबमधल्या ओळीवर उजवी क्लिक करून 'कॉपी ॲज कर्ल' घ्या, त्यातले सगळे हेडर प्रोग्राममध्ये टाका आणि एकेक काढत जा. ज्याला काढल्यावर 403 परत येईल तो खरा. अनेकदा तो 'रेफरर' (आधीच्या पानाचा पत्ता) निघतो, नाहीतर मुखपृष्ठावर मिळणारी कुकी. कुकी हाताने चिकटवू नका, उद्या ती शिळी होईल. सेशनने आधी मुखपृष्ठ आणा, मग आतले पान. एक सावधगिरी: प्रोग्राम फुकटच्या परदेशी क्लाउडवर चढवायचा विचार असेल तर आपली काही सरकारी स्थळे देशाबाहेरचे आयपी अडवतात. ऑफिसातल्या संगणकावरून चालणारा कोड तिथे 403 देईल, आणि दोष कोडचा नसेल.

तासभर थांबण्याचे कारण साधे आहे: रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउट आपण दिल्याशिवाय नसतोच. सर्व्हरने जोडणी घेतली आणि उत्तर दिलेच नाही, किंवा पावसात मधेच लाइन गेली, तर प्रोग्राम वाट पाहत बसतो. प्रत्येक विनंतीला टाइमआउट=(5, 30) द्या. पहिला आकडा जोडणीसाठी, दुसरा उत्तराची वाट पाहण्यासाठी. दुसरा आकडा एकूण वेळेचा नाही. दोन तुकड्यांमध्ये किती शांतता चालेल त्याचा आहे, म्हणून मोठी पीडीएफ रखडत उतरली तर 30 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

त्यासोबत पुनर्प्रयत्न. रिक्वेस्ट्स आतून वापरते त्या यूआरएललिब3 मधला रिट्राय घ्या: टोटल=3, बॅकऑफ-फॅक्टर=2, स्टेटस-फोर्सलिस्टमध्ये (कोणत्या उत्तर-क्रमांकांवर पुन्हा प्रयत्न करायचा ती यादी) 429, 500, 502, 503, 504; तो एचटीटीपीॲडॅप्टरमध्ये घालून सेशनवर माउंट करा. या आकड्यांनी पहिला पुनर्प्रयत्न लगेच होतो, दुसरा 4 सेकंदांनी, तिसरा 8 सेकंदांनी. सर्व्हरने 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये वेळ सांगितली असेल तर ती पाळली जाते. लक्षात ठेवा, पोस्ट विनंतीवर 503 आले तर हा रिट्राय आपोआप चालत नाही. एकच अर्ज दोनदा जाऊ नये म्हणून ती खबरदारी आहे. तुमची पोस्ट फक्त पान बदलते, तेव्हा 'अलाउड-मेथड्स'मध्ये पोस्ट घातले तरी बिघडणार नाही. जिथे फॉर्म खरोखर भरला जातो तिथे मात्र हे कदापि करू नये.

एखाद्या स्थळावर एसएसएल प्रमाणपत्राची चूक येईल आणि ब्राउझरमध्ये तेच पान नीट उघडेल. सर्व्हर साखळीतले मधले (इंटरमिजिएट) प्रमाणपत्र पाठवायला विसरला असला की असे होते. ब्राउझर ते इतरत्र मिळवतो, रिक्वेस्ट्स मिळवत नाही. इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो 'व्हेरिफाय=फॉल्स' करा. करू नका, समोर खरोखर तेच स्थळ आहे का याची तपासणीच त्याने बंद पडते. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडे असलेल्या खुणेवरून ते मधले प्रमाणपत्र बेस-64 स्वरूपात उतरवून घ्या, सर्टिफायच्या (रिक्वेस्ट्स वापरते त्या प्रमाणपत्र-संचाच्या) फाइलची प्रत करून तिच्या शेवटी जोडा आणि व्हेरिफायला त्या प्रतीचा मार्ग द्या.

200 आले म्हणजे काम झाले, असेही नाही. 'सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा' हे पानसुद्धा 200नेच येते. रेझ-फॉर-स्टेटस() प्रत्येक ठिकाणी लावा, ते 400 आणि 500च्या चुका पकडेल. पण त्यानंतर तक्त्याचे शीर्षक अपेक्षित आहे का आणि ओळी किमान एक तरी आहे का हे स्वतः तपासा. 'नवीन निविदा शून्य' आणि 'ओळी शून्य' यांत गल्लत नको. चवथीच्या सुट्टीत नवीन काही न येणे स्वाभाविक आहे. अख्खा तक्ताच नाहीसा होणे नाही. ओळी शून्य आल्या तर प्रोग्रामने एक्सेलला हात न लावता थांबावे आणि आलेले पान जसेच्या तसे फाइलमध्ये ठेवावे. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की कारण बहुधा समोरच दिसते.

मराठी मजकूर विचित्र रोमन चिन्हांत आला तर घाबरू नका. सर्व्हरने मजकूर-संहिता सांगितली नाही की एचटीएमएल पानांसाठी रिक्वेस्ट्स जुनी लॅटिन संहिता धरते. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटांचे, म्हणून एका अक्षराची तीन चिन्हे होतात. उत्तर.टेक्स्ट वाचण्याआधी उत्तर.एन्कोडिंगला 'यूटीएफ-8' द्या, किंवा सूपला थेट उत्तर.कंटेंट द्या. सीएसव्ही लिहिताना 'यूटीएफ-8-सिग' वापरा. नुसत्या यूटीएफ-8 ची फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडली की तीच गत होण्याचा संभव असतो. तारखांचेही असेच: 05/07/2025 ही पांडाज (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) 7 मे समजेल, 'डेफर्स्ट=ट्रू' सांगितले तरच 5 जुलै. निविदा भरण्याची शेवटची तारीख चुकली तर काय होते ते तुमच्या शेठना विचारायला नको.

सराव खऱ्या सरकारी पानांवर करू नका. बुक्स डॉट टूस्क्रेप डॉट कॉम हे स्थळ खास त्यासाठीच आहे: 50 पाने, प्रत्येकी 20, एकूण 1000 पुस्तके. तुमच्या प्रोग्रामने नेमक्या 1000 ओळी आणल्या तर पाने ओलांडणे जमले. तिथे पौंडाच्या चिन्हाआधी डोक्यावर टोपी असलेले एक रोमन अक्षर येईल. तो वर सांगितलेला संहितेचाच घोळ, तिथेच सोडवून पाहा. मग कोट्स डॉट टूस्क्रेप डॉट कॉम. त्यात लॉगिन आहे (कोणतेही नाव आणि पासवर्ड चालतो, पण लपलेला सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म त्याच पानावरून आला हे पटवणारी खूण, लागतो), जावास्क्रिप्टने भरलेले पान आहे, एक्सएचआरने वाढणारे पान आहे, आणि व्ह्यूस्टेटचा फॉर्मसुद्धा आहे. ते व्ह्यूस्टेटचे पान जमले की तुमचे चौथे स्थळ जमले म्हणून समजा. टाइमआउट तपासायला एचटीटीपीबिन डॉट ऑर्गवर 'डिले/10' मागवा आणि टाइमआउट 3 द्या. जेसनसाठी ओपन-मेटिओची हवामान सेवा घ्या, तिला चावी लागत नाही: अक्षांश 15.49, रेखांश 73.83 देऊन रोजचा पाऊस मागितला की पणजीचे आकडे. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्यायला विसरू नका. दिवस ग्रीनिचच्या वेळेने मोजला तर आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि रात्रीचा पाऊस आदल्या तारखेत जाऊन बसतो.

आणि तुमच्या फाइलचे नाव रिक्वेस्ट्स डॉट पीवाय ठेवू नका. पायथन लायब्ररीऐवजी तीच फाइल उघडतो आणि 'गेट नावाचे काही नाही' असे सांगतो.

साठवण्याच्या बाबतीत एकच जागा फसवी आहे. नवीन निविदा ओळखायला फक्त निविदा क्रमांक पाहिलात, तर शुद्धिपत्रक निसटेल: क्रमांक तोच, मुदत मात्र वाढलेली किंवा बयाण्याची रक्कम बदललेली. म्हणून खाते आणि क्रमांक मिळून ओळख ठरवा, पण शेजारी संपूर्ण ओळीचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण, मजकूर बदलला की बदलते) ठेवा. ओळख नवी तर 'नवीन', ओळख जुनी आणि हॅश वेगळा तर 'बदल'. एसक्यूलाइट यासाठी पुरेसे आहे आणि पायथनसोबतच येते. पीडीएफ उतरवताना फाइलचे नाव थेट क्रमांकावरून ठेवू नका. '14/2024-25' मधली तिरकी रेघ विंडोजला नावात चालत नाही. उतरलेल्या फाइलची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' या रोमन अक्षरांनी होते का तेही पाहा, नाहीतर पीडीएफ म्हणून एखादे चुकीचे पान साठत राहील.

मर्यादा कुठे? कॅप्चा असेल तिथे थांबा. बऱ्याच ई-निविदा पोर्टलवर शोधण्याआधी तो येतो, आणि तो लावण्याचा अर्थच 'इथे प्रोग्राम नको' असा आहे. ते एक पोर्टल रोज दहा मिनिटे हाताने पाहणे परवडते. डिजिटल सहीने उघडणाऱ्या लॉगिनच्या आत प्रोग्राम नेऊ नका. परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणे हे 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये येते, आणि शेठच्या सहीचा प्रश्न वेगळाच. बाकी ठिकाणी रोबोट्स डॉट टीएक्सटी (स्थळाने प्रोग्रामांसाठी लिहिलेले नियम) वाचा, एका वेळी एकच विनंती, दोन विनंत्यांमध्ये 2-3 सेकंद. सहा स्थळांची तीस-चाळीस पाने एवढ्या संथपणेही पाच मिनिटांच्या आत होतात, तेव्हा थ्रेडिंगच्या (एकाच वेळी अनेक विनंत्यांच्या) मागे लागू नका.

रोज आपोआप चालवायला विंडोजचा टास्क शेड्युलर. 'प्रोग्राम'मध्ये तुमच्या व्हेन्व्हमधल्या (प्रोजेक्टसाठी वेगळ्या ठेवलेल्या) पायथनचा पूर्ण मार्ग द्या, 'ॲड आर्ग्युमेंट्स'मध्ये तुमच्या फाइलचे नाव, 'स्टार्ट इन'मध्ये प्रोजेक्टचे फोल्डर. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर फाइली विंडोजच्या सिस्टिम-32 फोल्डरमध्ये शोधल्या जातात आणि काहीच सापडत नाही. लॅपटॉप असेल तर 'एसी पॉवर असेल तरच' ही टिक काढा, ती आधीपासून लावलेली असते. 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा' ही टिक लावा. जून-जुलैत सकाळी आठला वीज नसेल तर साडेनऊला संगणक चालू झाल्यावर काम होईल. आणि कालची एक्सेल फाइल कोणीतरी उघडी ठेवून गेले असेल तर त्यावर लिहिताना 'परमिशन एरर' येईल, म्हणून रोजच्या तारखेची वेगळी फाइल काढा.